न्यायनिष्ठा : एकाकी आणि सामूहिक

१

मराठी मनात न्यायाधीशाची जी प्रतिमा रुजली आहे, ती रामशास्त्री प्रभुणे यांची. १७७३ च्या ऑगस्टअखेर शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि पेशवाईची सूत्रे रघुनाथरावांच्या हाती गेली. रामशास्त्र्यांनी या खुनाचा तपास केला, दोष राघोबादादांच्या माथी ठेवला, या अपराधाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असे त्यांना तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले, अशी परंपरा आहे. बखरी, कथा, नाटके आणि शालेय पाठ्यपुस्तके यांतून ही कथा पिढ्यानुपिढ्या सांगितली गेली. तिच्यातील तपशिलांची ऐतिहासिक छाननी हा वेगळा विषय आहे. ती इतकी दीर्घकाळ का टिकली, हा प्रश्न मात्र नीतिविचाराच्या कक्षेत येतो.

ती टिकली याचे एक कारण उघड आहे. सत्तेने नेमलेला माणूस सत्तेलाच दोषी ठरवतो, ही घटना श्रोत्याच्या न्यायबुद्धीला समाधान देते. परंतु या कथेत जितके आहे, तितकेच तिच्यात नसलेलेही लक्षात घ्यायला हवे. तिच्यात फिर्यादी नाही, फिर्यादीची बाजू मांडणारा कोणी नाही, शास्त्र्यांच्या पाठीशी उभा राहणारा दुसरा शास्त्री नाही. निवाडा सांगितला गेला, पण त्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणा आरोपीच्याच हाती होती. त्यामुळे न्यायाधीशाजवळ निघून जाण्याखेरीज दुसरे साधन उरले नाही. राघोबादादांची सत्ता पुढे संपली ती कारभाऱ्यांच्या राजकारणामुळे, निवाड्यामुळे नव्हे. पुढे रामशास्त्री परतले आणि बारभाईंच्या राज्यात त्यांनी पुन्हा न्यायदान केले, हेही या कथेत सहसा सांगितले जात नाही. कथेला ताठ मानेने बाहेर पडणारा एकटा पुरुष हवा असतो.

या आदर्शाची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या समाजाने लिखित राज्यघटना स्वीकारली आहे, त्याला हा आदर्श पुरेसा आहे काय, हे तपासणे आवश्यक आहे. न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य म्हणजे काही निर्भय व्यक्तींचे चारित्र्य, की त्या चारित्र्याला आधार देणारी, त्याला प्रश्न विचारणारी आणि प्रसंगी त्याच्यावाचूनही चालू शकणारी एखादी सामूहिक निष्ठा? भारताच्या अलीकडच्या इतिहासात हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ या वर्षांत.

२

त्या प्रकरणाची रूपरेषा परिचित आहे. तरी तिच्यातील कायद्याचा पेच नेमकेपणाने समजून घेतल्याशिवाय नैतिक पेच हाती लागत नाही. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी घोषित झाली. २७ जूनला राष्ट्रपतींनी अनुच्छेद ३५९ अन्वये आदेश काढून अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांतील हक्कांच्या बजावणीसाठी न्यायालयाकडे जाण्याचा अधिकार निलंबित केला. अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजे ‘मिसा’, १९७१ पासूनच अस्तित्वात होता. त्याखाली राजकीय विरोधक, कार्यकर्ते, पत्रकार, विद्यार्थी यांना चौकशीवाचून तुरुंगात डाकण्यात आले. मिसा आणि भारत संरक्षणविषयक नियम मिळून स्थानबद्ध व अटक झालेल्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली.

या माणसांच्या वतीने देशभर बंदीप्रत्यक्षीकरणाचे अर्ज दाखल झाले. सरकारचे म्हणणे असे की, हक्कच बजावता येत नाही तर अर्ज ऐकण्याचा प्रश्नच येत नाही. अर्जदारांचे उत्तर असे की, हक्काची बजावणी निलंबित झाली तरी कायद्याचे बंधन निलंबित होत नाही. ज्या मिसाखाली पकडले, त्या मिसाच्याच अटी पाळल्या गेल्या आहेत की नाही, नाव चुकले आहे की काय, हेतू कायद्याबाहेरचा आहे की काय, एवढे तरी न्यायालयाने पाहिले पाहिजे. नऊ उच्च न्यायालयांनी या ना त्या स्वरूपात अर्जदारांच्या बाजूने कौल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल २८ एप्रिल १९७६ रोजी लागला. सरन्यायाधीश अजितनाथ राय, न्यायमूर्ती बेग, चंद्रचूड आणि भगवती या चौघांनी सरकारची बाजू उचलून धरली. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी भिन्न मत नोंदवले.

सुनावणीच्या वेळी खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारलेला प्रश्न सर्वज्ञात आहे. अनुच्छेद २१ मध्ये स्वातंत्र्याबरोबर जीविताचाही उल्लेख आहे. मग एखाद्या पोलिस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी कोणाचा जीव घेतला तर त्यावरही न्यायालयात दाद नाही, असे सरकारचे म्हणणे आहे काय? आणीबाणी चालू असेपर्यंत दाद नाही, असे उत्तर डे यांनी दिले. या उत्तरामागचा त्यांचा हेतू काय होता, यावर पुढे पुष्कळ तर्क झाले. सरकारच्या भूमिकेचे अंतिम टोक न्यायाधीशांना दिसावे म्हणूनच त्यांनी ते इतके निखळपणे मांडले, असेही म्हटले गेले. हेतू काहीही असो, तर्कशास्त्राच्या दृष्टीने उत्तर निर्दोष होते. त्या क्षणानंतर पीठावरील कोणाही न्यायाधीशाला आपण काय मान्य करीत आहोत हे ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय उरली नाही.

३

बहुमतातील चौघे भ्याड होते, त्यांना पदाची लालसा होती, असे स्पष्टीकरण झटपट दिले जाते. ते पटण्याजोगे नाही आणि उपयोगाचेही नाही. हे चौघे विद्वान होते, अनुभवी होते. त्यांच्यापैकी चंद्रचूड आणि भगवती यांनी पुढील काळात नागरी हक्कांच्या संदर्भात महत्त्वाचे निर्णय दिले. दुष्टांकडून अन्याय होतो यात नीतिशास्त्राला फारसे कोडे नाही. सुसंस्कृत, बहुश्रुत माणसांच्या हातून, घटनेचे शब्द समोर ठेवून, नेटक्या युक्तिवादाने अन्याय होतो तेव्हा खरे कोडे सुरू होते.

त्या युक्तिवादाचा गाभा असा : जीवित आणि स्वातंत्र्य यांचा हक्क घटनेने अनुच्छेद २१ मध्ये सामावून घेतला, त्या अनुच्छेदाबाहेर तो हक्क स्वतंत्रपणे उरत नाही, त्याची बजावणी घटनेनेच निलंबित करू दिली, तेव्हा न्यायालयाचे हात बांधलेले आहेत. शब्दार्थाच्या पातळीवर ही साखळी कोठे तुटत नाही. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला येथे एक परिचित दोष दिसेल. संहितेतील एका वाक्याचा अर्थ असा लावणे, की त्यामुळे संपूर्ण संहितेचे प्रयोजनच नाहीसे व्हावे, हा अर्थ शब्दांशी प्रामाणिक असला तरी संहितेशी प्रामाणिक नसतो. मीमांसकांनी उपक्रम आणि उपसंहार यांच्या एकवाक्यतेचा आग्रह धरला तो याचसाठी. राज्यसत्तेला मर्यादा घालण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथातील एक कलम सर्व मर्यादा उठवते असे वाचणारा वाचक अक्षरे अचूक वाचतो, पण ग्रंथ त्याच्या हातून निसटतो.

खन्ना यांचे भिन्न मत या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांनी घटनेबाहेरचा कोणताही दैवी किंवा नैसर्गिक न्याय पुढे आणला नाही. राष्ट्रपतींचा आदेश त्यांनी अवैध म्हटला नाही. आणीबाणीच्या घोषणेविषयी त्यांनी भाष्य केले नाही. त्यांनी एवढेच म्हटले की, कायद्याच्या आधारावाचून कोणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही हे तत्त्व राज्यघटनेच्या आधीपासूनचे आहे. अनुच्छेद २१ हे त्याचे एकमेव वसतिस्थान नाही. म्हणून तो अनुच्छेद बाजूला ठेवला तरी शासनाला कायद्याबाहेर वागण्याची मुभा मिळत नाही. हे मत क्रांतिकारक नव्हते. उलट ते अत्यंत परंपरानिष्ठ होते. एका सनातनी वृत्तीच्या कायदेपंडिताने, आपल्या शास्त्राच्या जुन्यात जुन्या नियमाला चिकटून राहून, तत्कालीन सत्तेला नकार दिला. क्रांतिकारकाला आपल्या नकाराचा आधार भविष्यात शोधावा लागतो. खन्ना यांना तो मागच्याच पानावर सापडला.

याच प्रकारची घटना इंग्लंडमध्ये १९४१ साली घडली होती. युद्धकाळातील एका नियमाखाली गृहमंत्र्याला ‘वाजवी कारण’ असल्यास माणसाला स्थानबद्ध करता येत असे. लिव्हरसिज विरुद्ध अँडरसन या खटल्यात लॉर्डांच्या सभागृहातील चौघांनी ठरवले की, मंत्र्याला कारण वाजवी वाटले म्हणजे पुरे. लॉर्ड ॲटकिन एकटे म्हणाले की, कारण ‘असणे’ आणि कारण आहे असे ‘वाटणे’ या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि युद्ध चालू असले तरी शब्दांचे अर्थ बदलत नाहीत. त्या मतामुळे सहकाऱ्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. सुमारे चार दशकांनी त्याच सभागृहात लॉर्ड डिप्लॉक यांनी बहुमताचे चुकले होते हे मान्य केले, मात्र त्या काळाच्या दृष्टीने ती चूक कदाचित क्षम्य असावी, अशी पुस्तीही जोडली. ही पुस्ती विचारात पाडणारी आहे. काळ कठीण होता ही सबब न्यायाधीशाच्या बाबतीत कितपत चालावी? कठीण काळ नसेल तेव्हा बंदीप्रत्यक्षीकरणाची गरजच मुळात थोड्यांना पडते. छत्री फक्त कोरड्या दिवसांसाठी आहे असे ठरले, तर तिला छत्री म्हणण्यात अर्थ उरत नाही.

४

येथवरचा विचार पुन्हा एकट्या न्यायाधीशापाशीच येऊन थांबतो. परंतु न्यायासनाचे एक वैशिष्ट्य असे आहे की ते स्वतःहून सहसा बोलत नाही. त्याला कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो. कवी अनाहूतपणे लिहू शकतो, संपादक स्वतः विषय निवडतो. न्यायाधीशापुढे मात्र वाद यावा लागतो. नऊ उच्च न्यायालयांत जे निर्णय झाले, त्या प्रत्येकामागे तुरुंगातील माणसाच्या नातेवाइकाने धरलेले वकिलाचे दार होते आणि ते दार उघडणारा कोणीतरी वकील होता. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या स्थानबद्धतेविरुद्ध त्यांच्या पत्नी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा त्यांची बाजू मांडली ती विठ्ठल महादेव तारकुंडे यांनी. तारकुंडे हे सासवडचे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद १९६९ मध्ये सोडून त्यांनी पुन्हा वकिली पत्करली होती. ज्या न्यायमूर्ती रंगराजन आणि अगरवाल यांनी तो अर्ज ग्राह्य मानला, त्यांपैकी पहिल्यांची बदली गुवाहाटीस झाली आणि दुसऱ्यांना कायम न करता सत्र न्यायाधीशपदी परत पाठवण्यात आले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयांच्या १६ न्यायाधीशांच्या बदल्या त्यांच्या संमतीवाचून झाल्या. पदच्युतीवाचूनही न्यायाधीशाला शासन करता येते, हे त्या वर्षी सिद्ध झाले.

मुंबईतील वकीलवर्गाचा त्या काळातील व्यवहार या संदर्भात मननीय आहे. आणीबाणीतील नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य या विषयावर वकिलांची एक बंदिस्त सभा १९७५ मध्ये मुंबईत योजण्यात आली. पोलिस आयुक्तांनी तिला परवानगी नाकारली. नरेंद्र नथवाणी यांनी त्या नकाराला उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि मुख्य न्यायमूर्ती कांटावाला व न्यायमूर्ती तुळजापूरकर यांच्या खंडपीठाने पोलिसांचा तो आदेश रद्द ठरवला. आणीबाणीतही शांततापूर्ण, सनदशीर टीका हा गुन्हा ठरत नाही, ही त्या निर्णयाची दिशा होती. सभा थोड्या माणसांची होती, विषय शास्त्रीय होता. पण एका दालनात जमून विचार करण्याची परवानगी मागावी लागते, या स्थितीलाच त्यांनी हरकत घेतली. भारतीय वकील परिषदेचे अध्यक्ष राम जेठमलानी यांच्याविरुद्ध केरळातील एका न्यायालयातून अटकेचे वॉरंट निघाले, तेव्हा नानी पालखीवाला यांच्या नेतृत्वाखाली ३०० हून अधिक वकील त्यांच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले. त्यांच्यातील प्रत्येकाचा युक्तिवाद ऐकला जाणार नव्हता. त्यांची उपस्थिती हाच युक्तिवाद होता.

याच वर्षी कराड येथील मराठी साहित्य संमेलनात अध्यक्षस्थानावरून दुर्गा भागवत यांनी, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली आणि पुढील वर्षी त्यांना अटक झाली. लेखिकेचे धैर्य आणि वकिलांचे धैर्य यांची तुलना करण्याचा मोह होतो. पण त्यांच्यात एक मूलभूत भेद आहे. लेखिका स्वतःच्या वतीने बोलते. वकील दुसऱ्याच्या वतीने बोलतो, आणि त्याच्या व्यवसायाचा नियमच असा की, तो कोणाच्याही वतीने बोलू शकतो.

५

या भेदातून एक गंभीर आक्षेप उद्भवतो. ज्याची वाणी मोबदला घेऊन कोणाच्याही बाजूने चालते, त्याच्या धैर्याला नैतिक मोल कोणते? मुंबई उच्च न्यायालयाच्या इतिहासातच या आक्षेपाचा पुरावा आहे. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांच्या जामिनाचा अर्ज बॅरिस्टर दिनशा दावर यांनी चालवला आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूर केला. १९०८ मध्ये टिळक पुन्हा त्याच न्यायालयात उभे राहिले. या वेळी दावर न्यायासनावर होते. त्यांनी जामीन नाकारला आणि शेवटी ६ वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. माणूस तोच, आरोपी तोच, जामिनाचा प्रश्नही तोच. बदलले होते ते बसण्याचे स्थान. दावर यांना १८९७ मध्ये जामिनाच्या बाजूची कारणे सुचली होती, ती त्यांच्या अंतःकरणाची होती की वकीलपत्राची, हे सांगता येत नाही. मात्र १९५६ मध्ये त्याच न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी, एम. सी. छागला यांनी, त्याच दालनाबाहेर टिळकांचे शिक्षेच्या वेळचे उद्गार कोरलेल्या शिलालेखाचे अनावरण केले. न्यायालयाने आपल्या भिंतीवर न्यायाधीशाचे निकालपत्र कोरले नाही. आरोपीचे उत्तर कोरले.

पालखीवाला यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९७५ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयात इंदिरा गांधी यांच्या अपिलाच्या वेळी त्यांची बाजू मांडली ती पालखीवाला यांनीच. आणीबाणी घोषित होताच त्यांनी ते वकीलपत्र परत केले. वकिलाने पक्षकार मध्येच सोडू नये, अप्रिय माणसालाही वकील मिळाला पाहिजे, हा या व्यवसायाचा मोठा नियम आहे. आणीबाणीतील कैद्यांना वकील मिळाले तेही याच नियमाच्या बळावर. मग पालखीवालांनी त्याचा भंग केला काय? त्याचे उत्तर त्या नियमाच्या हेतूत सापडते. जो दुर्बल आहे, ज्याच्याविरुद्ध सारे एकवटले आहेत, त्याला वाचा मिळावी म्हणून हा नियम आहे. ज्याने सर्वांची वाचा बंद केली आहे त्याला वकिलाचा तुटवडा कधीच पडत नाही. शिवाय वकील आपली बुद्धी भाड्याने देतो, पण ज्या चौकटीत ती बुद्धी चालते ती चौकट मोडण्यासाठी तो ती देऊ शकत नाही. कारण ती चौकट गेली की वकिली हा व्यवसायच उरत नाही. अतिरिक्त सॉलिसिटर जनरल फली नरिमन यांनी आणीबाणी लागू होताच राजीनामा दिला, त्यामागेही हाच विवेक दिसतो. सरकारी वकिलाने सरकारच्या वतीने बोलावे, पण सरकारला कोणापुढेही उत्तर द्यावे लागू नये यासाठी बोलावे काय, हा त्यातला प्रश्न होता.

अर्थात प्रत्येक हुतात्म्याला इतिहास सरळ रेषेत बसवू देत नाही. ज्या घटनात्मक सिद्धान्ताने १९७५ मध्ये संसदेच्या अमर्याद सत्तेला बांध घातला, तो घटनेच्या मूलभूत संरचनेचा सिद्धान्त २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात ७ विरुद्ध ६ अशा निसटत्या बहुमताने प्रस्थापित झाला, आणि तो खटला मुळात केरळातील एका मठाच्या जमिनीचा होता. त्याआधी पालखीवाला यांनी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाविरुद्ध, संस्थानिकांच्या तनख्यांच्या बाजूने युक्तिवाद केले होते. न्यायालये मालमत्तेची पाठराखण करतात आणि सामाजिक सुधारणांच्या आड येतात, ही त्या काळातील तक्रार केवळ सत्ताधाऱ्यांचा कांगावा नव्हती. केशवानंद निकालानंतर लगेच न्यायमूर्ती शेलट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांची ज्येष्ठता डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश करण्यात आले, तेव्हा मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत उघडपणे सांगितले की, न्यायाधीशाची नेमणूक करताना त्याच्या विचारसरणीचा विचार केला पाहिजे. या म्हणण्यात सत्याचा अंश होता. न्यायाधीशाला विचारसरणी असतेच. ती नाही असे भासवणे हे एक ढोंग आहे. पण ती विचारसरणी तपासण्याचा अधिकार ज्याच्यावर खटला चालायचा त्याच्याच हाती दिला, तर जे घडते ते तीनच वर्षांनी, जबलपूर प्रकरणाच्या निकालात दिसून आले. गरिबांच्या नावाने मागितलेली निष्ठा शेवटी तुरुंगाच्या किल्लीपाशी येऊन थांबली.

६

या इतिहासात वकीलवर्गाला निष्कलंक नायक ठरवण्याचे कारण नाही. बहुसंख्य वकील त्याही काळात आपले नित्याचे खटले चालवीत होते. पुढील दशकांत तर संप, बहिष्कार आणि दमदाटी यांचा वापर वकीलसंघटनांनी इतका केला की, वकिलांना संपाचा अधिकार नाही असे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. सत्तेपुढे ताठ उभी राहणारी संघटना आपल्या पक्षकाराच्या आणि न्यायाधीशाच्या बाबतीत स्वतः सत्ता होऊ शकते. न्यायाधीशांच्या नेमणुकांचेही तसेच. १९९३ च्या निर्णयाने नेमणुकांतील अंतिम शब्द शासनाकडून न्यायाधीशांच्या मंडळाकडे आला. २०१५ मध्ये नेमणुकांसाठीचा राष्ट्रीय आयोग सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. सत्तेचा हस्तक्षेप यामुळे रोखला गेला असे मानले, तरी बंद दाराआड स्वतःच स्वतःची निवड करणारी संस्था कोणाला उत्तरदायी आहे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. स्वातंत्र्य हे न्यायाधीशाचे वैभव नव्हे. ते पक्षकाराचे संरक्षण आहे. ज्या क्षणी ते न्यायसंस्थेचा मान म्हणून मिरवले जाते, त्या क्षणी त्याचे मूळ प्रयोजन विसरले जाते.

ते प्रयोजन काय, हे केरळातील एका घटनेने दाखवून दिले. कोझिकोड येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी राजन याला १९७६ च्या मार्चमध्ये पोलिसांनी नेले आणि तो परत आला नाही. त्याचे वडील, ईच्चर वारियर, दारोदार हिंडले. बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज ते करू शकले तो आणीबाणी उठल्यानंतर, १९७७ मध्ये. तेव्हा उच्च न्यायालयाने विचारले की मुलगा कोठे आहे, आणि सरकारला उत्तर देता आले नाही. तो कोठडीतच मृत्यू पावला होता. या प्रकरणी मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. खन्ना यांनी महान्यायवादींना विचारलेला प्रश्न अनेकांना काल्पनिक वाटला असेल. तो विचारला जात होता त्याच सुमारास तो एका घरात खरा झाला होता.

राजनची आठवण येथे दुसऱ्याही कारणासाठी आवश्यक आहे. भिन्न मताचा गौरव करताना ते पुढे खरे ठरले, असे सांगण्याची प्रथा आहे. खन्ना यांनीही आपल्या मताच्या अखेरीस, अंतिम न्यायालयातील भिन्न मत हे भविष्यकाळातील प्रज्ञेला केलेले आवाहन असते, या अमेरिकी सरन्यायाधीश ह्यूज यांच्या विचाराचा आधार घेतला होता. भविष्याने ते आवाहन ऐकले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ यांची बजावणी आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही असे ठरवले. २०११ मध्ये भगवती यांनी आपल्या मताबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाच्या हक्काविषयीच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणाचा निकाल चुकीचा म्हणून रद्द ठरवला. त्यातील प्रमुख मत लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे बहुमतातील यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र. पित्याचे मत पुत्राने नाकारावे, यात महाकाव्याला शोभणारे नाट्य आहे. पण या नाट्याने समाधान मानणे धोक्याचे आहे. २०१७ च्या निर्णयाने १९७६ मधील एकाही कैद्याचा एक दिवसही कमी झाला नाही. भिन्न मताने कोणाची सुटका होत नाही; ती बहुमतानेच होते.

मग त्या मताचे मोल कशात? ते पुढे खरे ठरले नसते तरी ते योग्यच ठरले असते, यात. खन्ना यांना त्याची किंमत ठाऊक होती. निकालापूर्वीच, हे मत आपल्याला सरन्यायाधीशपद गमावायला लावील, असे त्यांनी आपल्या बहिणीला सांगून ठेवले होते. १९७७ च्या जानेवारीत त्यांना डावलून बेग यांना ते पद देण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. रामशास्त्र्यांप्रमाणे तेही निघून गेले. परंतु जाण्यापूर्वी ते लिहून गेले, आणि जे लिहिले ते ज्या प्रश्नाचे उत्तर होते तो प्रश्न विचारणारे वकील त्यांच्या समोर उभे होते. शांतिभूषण, तारकुंडे, सोराबजी यांच्यासारख्यांनी तो युक्तिवाद मांडला नसता, तर खन्ना यांची न्यायबुद्धी त्यांच्यापाशीच राहिली असती. रामशास्त्र्यांच्या आणि खन्ना यांच्या काळातील अंतर दोन शतकांचे आहे. ते अंतर व्यक्तीच्या धैर्यात शोधून सापडणार नाही. ते या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांत आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या दालनात खन्ना यांचे तैलचित्र त्यांच्या हयातीतच लावले गेले. पहिल्या क्रमांकाचे दालन सरन्यायाधीशांचे. तेथे त्यांना बसता आले नाही. त्या चित्राखाली उभे राहून रोज कोणीतरी वकील कोणातरी अनोळखी माणसाच्या वतीने बोलू लागतो. त्या माणसाचा अपराध काय, तो भला की बुरा, हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते. तरीही त्याला पकडण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने मिळाला, हा प्रश्न विचारला जातो आणि शासनाला उठून उत्तर द्यावे लागते. जोवर हा प्रश्न विचारणारा मिळतो आणि तो ऐकून घेणारा बसलेला असतो, तोवर एखाद्या रामशास्त्र्याची वाट पाहत बसण्याची पाळी समाजावर येत नाही.